कोरीव पोर्ट्रेटमधली सत्तेची चिन्हं

१७व्या शतकात फ्रान्समध्ये राजा, मंत्री, सरदार, बिशप अशा बड्या लोकांची पोर्ट्रेट तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायची मोठी परंपरा होती. तैलचित्र एकाच महालाच्या भिंतीवर टांगलेलं राहतं, पण पत्र्यावरून शेकडो प्रती निघतात आणि कुठेही पोचतात, म्हणून ज्याने त्या माणसाला कधी पाहिलंच नाही त्यालाही त्याचा मान कळेल अशी चिन्हं चित्रात असावी लागायची.

यातलं सगळ्यात मोठं नाव रोबेर नांतॉय (१६२३–१६७८). चौदाव्या लुईने १६५८ मध्ये त्याला दरबारी कोरक नेमलं आणि १६६० च्या राजाज्ञेने कोरीवकाम हे कारागिरी नाही तर कला आहे असं मान्य झालं. त्याची मांडणी बहुतेक ठरलेली, अंडाकृती फ्रेम, कडेने लॅटिनमध्ये नाव आणि पदव्या, खाली चौथरा, त्यावर घराण्याचं कुलचिन्ह. हात सहसा दिसत नाहीत, जे काय ते चेहरा आणि छातीवर. छातीवर कबुतराचा क्रॉस असला की समजायचं, हा १५७८ मध्ये फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री याने सुरू केलेल्या 'पवित्र आत्म्याची ऑर्डर' या सरदारांच्या मानाच्या संघाचा मानकरी.

खरी अडचण रंगाची, कारण कुलचिन्हात रंग फार महत्त्वाचे आणि प्रिंट तर ब्लॅक अँड व्हाइट. त्यावरचा उपाय मला फारच सुंदर वाटतो: ठिपके म्हणजे सोनेरी, कोरी जागा म्हणजे चांदी, उभ्या रेघा लाल, आडव्या निळ्या, आडव्या-उभ्या रेघांची जाळी काळी. पेत्रा सांक्ता या जेझुइट (एका कॅथलिक संघाच्या) पाद्र्याच्या १६३८ च्या पुस्तकामुळे ही पद्धत युरोपभर पसरली. अर्थमंत्री फुकेचं चिन्ह चांदीवर लाल खार (पश्चिम फ्रान्सच्या बोलीत खारीला फुकेच म्हणायचे), म्हणजे कोऱ्या जागेवर उभ्या रेघांची खार, आणि ब्रीदवाक्य 'हा कुठवर चढणार नाही?'. नांतॉयने त्याचं पोर्ट्रेट १६६१ मध्ये कोरलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लुईने त्याला अटक केली. फुकेच्या पाडावात पुढे असलेला लुईचा दुसरा मंत्री कोल्बेर, त्याचं चिन्ह सोनेरीवर निळा साप, म्हणजे ठिपक्यांवर आडव्या रेघा, आणि तोही नावावरूनच आलेला, लॅटिनमध्ये साप म्हणजे कोलुबेर.

चेहऱ्यापेक्षा बाकीचा थाट किती बोलतो ते पाहायचं तर पिएर लोंबारचा घोडेस्वार बघावा. हा फ्रेंच कोरक लंडनमध्ये काम करायचा. त्याच्या एकाच पत्र्यावर घोडा आणि चिलखत तसंच ठेवून फक्त डोकं खरवडून बदललेलं आहे, काही प्रतींत इंग्लंडमध्ये राजाविरुद्ध लढून सत्तेवर आलेला क्रॉमवेल आहे आणि काहींत ज्याचं राज्य त्याने संपवलं तो राजा पहिला चार्ल्स.