शार्लट मेसनची पद्धत की अनस्कूलिंग? लहान मुलांचं होमस्कूलिंग सुरू करण्याआधी

होमस्कूलिंग करायचंय, पण घराची शाळा करायची नाही. वह्या भरून घेणं नको, घंटा नको. भरपूर गोष्टी वाचायच्या, बाहेर हुंदडायचं, कलाकलाने शिकायचं. असं ठरवलेले पालक माहिती शोधायला लागले की दोन नावं हमखास समोर येतात. एक शार्लट मेसनची पद्धत, दुसरं अनस्कूलिंग. बरेच जण दोन्ही एकच धरून चालतात, आणि ते साहजिक आहे. चार-पाच वर्षांचं मूल असलेल्या अशा दोन घरांत डोकावलं तर दिसेल तेच: मूल मातीत खेळतंय, कुणीतरी मोठ्याने गोष्ट वाचतंय, परीक्षेचा पत्ता नाही. मूल सहा-सात वर्षांचं झालं की मात्र वाटा फुटतात. आई एका वाटेवर आणि बाबा दुसऱ्या, हेही तेव्हाच कळतं.

माझ्या मते खरा फरक एवढाच, की आज कुठलं पुस्तक उघडायचं हे मेसनच्या पद्धतीत मोठी माणसं ठरवतात आणि अनस्कूलिंगमध्ये मूल ठरवतं. बाकीचे फरक त्यातूनच निघतात.

शार्लट मेसन (१८४२–१९२३) इंग्लंडमधल्या शिक्षिका. अँबलसाइड या गावी त्यांनी १८९२ मध्ये प्रशिक्षण संस्था काढली. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी दर सत्राचा कार्यक्रम टपालाने जायचा. त्यात पुस्तकं नेमून दिलेली असायची. म्हणजे ही पद्धत सौम्य असली तरी सैल नाही. पुस्तक निवडण्याचा निकषही कडक आहे. विषयावर जीव असलेल्या लेखकाने जिवंत भाषेत लिहिलेलं पुस्तक हवं. मुलांसाठी म्हणून पातळ केलेलं, माहितीचे तुकडे जोडलेलं चालत नाही. मूल म्हणजे जन्मापासूनच पूर्ण माणूस, ही त्यांची मूळ भूमिका. मग त्याला पुस्तकही तसंच द्यायला हवं.

सहा वर्षांपर्यंत त्या औपचारिक धडे सांगत नाहीत. त्याऐवजी रोज कित्येक तास उघड्यावर, चांगल्या सवयी आणि गोष्टी. उघड्यावरच्या वेळातला त्यांचा एक खेळ मला फार आवडतो. मुलाला पाठवायचं, ‘त्या झाडापाशी जा, नीट बघ आणि ये.’ मूल परत आलं की काय पाहिलं ते सांगतं: खोड खरखरीत आहे, एका बाजूला शेवाळ आहे, मुंग्या वर चालल्यात. मग मोठ्यांनी त्याच्यासोबत जाऊन तेच बघायचं. यात धडा कुठेच दिसत नाही, पण निरीक्षण, शब्दसंपत्ती आणि सलग बोलणं, तिन्हींचा सराव होतो.

सहानंतर धडे सुरू होतात, तेही छोटे. लहानांसाठी जास्तीत जास्त वीसेक मिनिटं. वाचनानंतर गणित, मग गाणं किंवा चित्र, म्हणजे डोक्याचा एकच भाग शिणत नाही. या पद्धतीचा कणा मात्र ऐकलेलं परत सांगणं हा आहे. उतारा एकदाच वाचायचा. दुसऱ्यांदा वाचायचा नाही, कारण पुन्हा वाचणार हे माहीत असलं की मूल पहिल्यांदा लक्ष देत नाही. मग म्हणायचं, ‘आता तू सांग.’ आणि गप्प बसायचं. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट सांगताना एखादं मूल खडे विसरेल आणि कावळ्याला किती ऊन लागत होतं यावरच रमेल. मध्ये तोंड घालायचं नाही, दुरुस्त करायचं नाही, ‘आणि मग खड्यांचं काय?’ असंही विचारायचं नाही. क्रम कसा लावायचा, काय ठेवायचं, काय गाळायचं हे ते स्वतः करतंय, तेच शिकणं. सहाच्या आधी हे मागायचंही नाही. आपणहून सांगितलं तर कौतुकाने ऐकायचं.

मेसन गेल्या त्याच वर्षी, १९२३ मध्ये, जॉन होल्ट यांचा जन्म झाला. हे अमेरिकन शिक्षक. वर्गात त्यांच्या लक्षात आलं, की मुलं प्रश्नावर विचार करण्यापेक्षा शिक्षकाला कुठलं उत्तर हवंय याचा अंदाज बांधत बसतात. आधी त्यांनी शाळा सुधाराव्यात म्हणून प्रयत्न केले, मग ती आशा सोडली आणि १९७७ मध्ये घरी शिकवणाऱ्या कुटुंबांसाठी नियतकालिक सुरू केलं. अनस्कूलिंग हा शब्द त्यांचाच. चालायला-बोलायला मूल कुणी न शिकवता शिकतं, तसंच ते बाकीचंही शिकेल, मोठ्यांनी फक्त साधनं, वेळ आणि सोबत द्यावी, हा त्यांचा विश्वास.

म्हणून अनस्कूलिंगच्या घरातही पुस्तकांचे ढीग असू शकतात. पण मूल तीन महिने फक्त डायनासोर वाचत असेल तर तीन महिने डायनासोरच. ‘आता कविता’ असं कुणी म्हणत नाही. ‘परत सांग’ असंही नाही, कारण होल्टना ती चाचणीच वाटली असती. मात्र मुलाला सोडून देणं म्हणजे अनस्कूलिंग नव्हे. मुलाच्या प्रश्नामागे धावणारा, संध्याकाळी त्याच विषयाचं पुस्तक शोधून आणणारा मोठा माणूस त्यात लागतोच. ते नेमून दिलेलं शिकवण्यापेक्षा कष्टाचं काम आहे.

सुरुवात करणाऱ्यांना मी मेसनची वाट सुचवेन. जे कधी कानावरच पडलं नाही ते मूल मागणार कसं? शिवाय लहान मुलांची ऐकून समजण्याची ताकद स्वतः वाचून समजण्याच्या कितीतरी पुढे असते. अक्षरं लावत वाचणारं मूल मोठी, गुंतागुंतीची गोष्ट आरामात ऐकतं. ती त्याच्यापर्यंत आणायची तर निवड मोठ्यांनाच करावी लागते. होल्टची ताकीद मात्र सोबत ठेवा. परत सांगण्याची तोंडी परीक्षा झाली, की मूल गोष्ट सोडून तुमच्या चेहऱ्याकडे बघायला लागतं.

नियमांबद्दल थोडक्यात: होमस्कूलिंगचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, जर्मनीत तर त्याला जवळपास मनाईच आहे. जिथे प्रगतीची नोंद द्यावी लागते तिथे मेसनवाल्यांकडे पुस्तकांची यादी तयार असते. अनस्कूलिंग करणाऱ्यांनी मूल काय करतंय ते रोजच्या रोज टिपून ठेवावं, वर्षअखेरीस आठवत नाही.

आपलं घर कुठल्या बाजूचं हे ओळखायचं असेल, तर मूल वाचता वाचता ‘हे नको’ म्हणालं की तुम्ही काय करता ते बघा. अनस्कूलिंगमध्ये पुस्तक मिटून हाताला येईल अशा फळीवर जातं आणि मूल मागेल तेव्हा उघडतं. मेसनच्या घरात आजचं वाचन तिथेच थांबतं, बाहेर जायचं किंवा दुसरं काही घ्यायचं. उद्या तेच पुस्तक, उतारा मात्र अर्ध्या पानाचा.