घाम खारट आणि कफ घट्ट, दोन्हीमागे एकच चॅनेल

मीठ म्हटलं की सगळ्यांना सोडियम आठवतं, त्यातल्या क्लोराइडकडे कुणी बघतच नाही. पण हा क्लोराइड पेशीतून नीट ये-जा करू शकला नाही तर काय होतं ते सिस्टिक फायब्रोसिस या आजारात दिसतं, आणि मला यातली सगळ्यात भारी गोष्ट ही वाटते की एकच चॅनेल बिघडतं पण घामात त्याचा परिणाम एक आणि फुफ्फुसात भलताच.

पेशीचं आवरण चरबीचं, क्लोराइडवर ऋण भार, त्यामुळे तो तसाच आरपार जाऊ शकत नाही, त्याला प्रोटीनचं चॅनेल लागतं. इथलं चॅनेल म्हणजे सीएफटीआर, 1480 अमिनो ॲसिडची लांबलचक साखळी. पेशीकडून इशारा आला की त्याला फॉस्फेट चिकटतात, मग एटीपी (पेशीचं इंधन) येऊन बसतं आणि ते उघडतं. पुढे ढकलाढकली काही नाही, ज्या बाजूला ओढ जास्त तिकडे क्लोराइड जातो. म्हणजे दिशा चॅनेल ठरवत नाही, आजूबाजूची परिस्थिती ठरवते.

आता घामाचं बघा. घामाच्या ग्रंथीत आधी रक्ताइतकंच खारट पाणी तयार होतं, ते नळीतून वर येताना क्लोराइड परत आत ओढला जातो, त्याच्याबरोबर सोडियमही. चॅनेल बंद असेल तर दोन्ही घामातच राहतात. या रुग्णांच्या घामात मीठ जास्त असतं हे 1953 मध्येच समोर आलं होतं, कारण मात्र 1983 मध्ये संशोधक पॉल क्विंटन यांनी दाखवलं आणि त्यांना स्वतःलाच हा आजार आहे! आजही निदानासाठी घामच तपासतात, लिटरमागे 60 मिलिमोल किंवा जास्त क्लोराइड निघाला तर आजाराची शक्यता खूप.

फुफ्फुसात उलटं. तिथे क्लोराइड बाहेर पडतो, त्याच्यामागे पाणी जातं आणि श्वासनलिकेच्या आतून पातळ ओला थर राहतो. बारीक केसांसारखे सिलिया त्याच थरात हलत कफ वर सरकवतात. याच चॅनेलमधून बायकार्बोनेटही जातं आणि कफ मोकळा व्हायला तेही लागतं. हे सगळं थांबलं की कफ चिकट होऊन अडकतो, त्यात सुडोमोनाससारखे जंतू ठाण मांडतात. स्वादुपिंडाच्या नळ्याही अशाच तुंबतात, पाचक रस आतड्यात पोचत नाहीत, मग मूल खातं पण अंगी लागत नाही.

या चॅनेलचा जीन 1989 मध्ये सापडला, सातव्या क्रोमोसोमवर. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो. सगळ्यात जास्त आढळणाऱ्या बिघाडात डीएनएची फक्त तीन अक्षरं गळतात आणि 508 नंबरचं अमिनो ॲसिड जातं. प्रोटीनची घडी चुकते आणि पेशी ते आवरणापर्यंत पोचायच्या आधीच मोडीत काढते. वाईट याचं वाटतं की पोचलं असतं तर त्याने थोडंफार काम केलं असतं! दुसऱ्या एका प्रकारात चॅनेल जागेवर पोचतं पण उघडत नाही, त्यासाठी 2012 मध्ये आयव्हाकाफ्टर हे औषध आलं. 2019 मध्ये एलेक्साकाफ्टर, टेझाकाफ्टर आणि आयव्हाकाफ्टर असं तिघांचं एकत्र औषध आलं, पहिले दोघं घडी सुधारतात, आयव्हाकाफ्टर चॅनेल उघडं ठेवतं.

ज्यांच्यात हे प्रोटीन बनतच नाही त्यांना या गोळ्यांचा उपयोग नाही, सुधारायला काहीतरी असावं तर लागतं ना. त्यांच्यासाठी जीन किंवा एमआरएनए (प्रोटीन कसं बनवायचं ही जीनची सूचना पोचवणारा रेणू) थेट फुफ्फुसाच्या पेशीत पोचवायचे प्रयत्न चालू आहेत, आणि तिथे आडवा येतो तोच चिकट कफ.