शेवटचा शत्रू सर्वांत वेगवान का?

‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा जुना व्हिडिओ गेम खेळलेल्या प्रत्येकाला त्यातला शेवटचा शत्रू आठवतो. सुरुवातीला पंचावन्न परग्रहवासी संथपणे सरकत असतात, इतके संथ की यांना टिपण्यात काय कठीण आहे असं वाटावं. तीस-चाळीस पडले की त्यांची पावलं भराभर पडू लागतात. आणि एकटाच उरला की तो या कडेपासून त्या कडेपर्यंत असा सुसाट सुटतो की नेम धरेपर्यंत तिथून निघून गेलेला असतो. हा वेग एका साध्या भागाकारातून येतो. या खेळाचा सगळा थरार त्या भागाकारात आहे असं मला वाटतं, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

१९७८ साली जपानच्या ताइतो कंपनीने हा खेळ बाजारात आणला. रचनाकार तोमोहिरो निशिकादो. चित्रं, प्रोग्राम आणि यंत्राची जुळणी ही सगळी कामं त्यांनी जवळजवळ एकट्याने केली. खेळ तयार करण्यासाठी लागणारी साधनंसुद्धा त्यांना आधी स्वतःच बनवावी लागली. शत्रू म्हणून त्यांनी रणगाडे, विमानं असं बरंच काही करून पाहिलं. स्क्रीनवर माणसांची हालचाल सर्वांत चांगली जमत होती, पण माणसांवर गोळ्या झाडण्याचा खेळ कंपनीला नको होता. म्हणून माकूळ, खेकडा आणि ऑक्टोपस यांच्या आकाराचे परग्रहवासी आले. अमेरिकेत मिडवे कंपनीने तो विकला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत व्हिडिओ गेम हा जगभरचा मोठा धंदा झाला.

खेळ दोन वाक्यांत सांगता येतो. पाच ओळींत अकरा-अकरा शत्रू उभे असतात. ते आडवे सरकत कडेपर्यंत जातात, कड लागली की सगळी फौज एक पायरी खाली उतरते आणि उलट दिशेने निघते. तुमच्याकडे तळाशी डावी-उजवीकडे फिरणारी एक तोफ आणि तिच्यापुढे चार ढाली. खालच्या दोन ओळींतला शत्रू टिपला तर १० गुण, मधल्या दोन ओळींत २०, सर्वांत वरच्या ओळीत ३०. अधूनमधून वरून एक उडती तबकडी जाते, तिचे गुण वेगळे. एक जरी शत्रू तळापर्यंत पोचला तरी खेळ तिथेच संपतो, हातात कितीही तोफा शिल्लक असोत.

आता यंत्राच्या आत जाऊ. त्यात इंटेल ८०८० हा प्रोसेसर होता, सेकंदाला २० लाख ठोके देणारा. ऐकायला आकडा मोठा वाटतो. पण स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने उमटतं, म्हणजे प्रत्येक चित्रामागे हाताशी उरले सुमारे ३३ हजार ठोके. एकेका सूचनेला ४ ते १८ ठोके लागतात. एवढ्या वेळात तोफ हलवायची, गोळ्या पुढे सरकवायच्या, टक्कर झाली का ते तपासायचं, गुण लिहायचे, आवाज सोडायचे आणि शिवाय पंचावन्न शत्रू पुसून नव्या जागी काढायचे. हे त्या प्रोसेसरला पेलणारं नव्हतं.

मग वाट काय काढली? दर चित्रागणिक एकच शत्रू हलवायचा. शाळेतल्या हजेरीसारखं. खालच्या ओळीतल्या डाव्या टोकापासून सुरुवात करायची, एकेकाचं नाव घ्यायचं, त्याने स्क्रीनवरचे दोन बिंदू (पिक्सेल) सरकायचं, मग पुढचा. ओळ संपली की वरची ओळ. जे टिपले गेले त्यांची नावं गाळून थेट पुढच्यावर जायचं. पट पूर्ण झाला की पुन्हा पहिल्यापासून.

पंचावन्न जण हजर असताना एक फेरी व्हायला ५५ चित्रं लागतात, म्हणजे सेकंदाला थोडं कमी. तेवढ्या वेळात फौज सरकते अवघे दोन बिंदू. दहा उरले की तीच फेरी सेकंदाच्या सहाव्या भागात होते. दोघे उरले की तिसाव्या भागात. आणि एकटा उरला की दर चित्राला त्याचाच नंबर.

वेगाचं सूत्र मांडायचं तर १२० भागिले उरलेले शत्रू, इतके बिंदू दर सेकंदाला. सुरुवातीला हे उत्तर दोनच्या जरा वर येतं, दहा उरल्यावर १२, पाच उरल्यावर २४, दोघांना ६०, एकाला १२०. पहिला शत्रू पाडलात तर वेग दोन टक्क्यांनीही वाढत नाही, लक्षातसुद्धा येत नाही. शेवटून दुसरा पाडलात तर उरलेल्याचा वेग एका क्षणात दुप्पट होतो. त्यावर प्रोग्राममध्ये आणखी एक बारीक भर आहे. एकटा उरलेला शत्रू उजवीकडे जाताना दोनऐवजी तीन बिंदूंची उडी घेतो, त्यामुळे त्या दिशेला तो दीडपट जोरात पळतो. एवढी एक गोष्ट मात्र मुद्दाम घातलेली.

शत्रू कमी झाले की खेळ वेग घेतो, हे निशिकादोंना काम करताना दिसलं. ते दुरुस्त करून वेग सारखा ठेवणं शक्य होतं. त्यांनी तसं केलं नाही, कारण खेळ त्यामुळे जास्त रंगत होता. अडचण हाती आल्यावर ती ओळखून जपून ठेवणं, यालाही मी रचनाकाराचं काम म्हणतो, आणि फार मोठं काम म्हणतो. परिणाम असा झाला की खेळ कठीण करणारा हात खेळाडूचाच असतो. प्रत्येक अचूक गोळीने तुम्ही उरलेल्यांना थोडा अधिक वेग देता. पार्श्वभूमीला चार खर्जातले ठोके सतत वाजत असतात, तेही फौज घटत जाईल तसे जवळजवळ येतात. कानाला आधी कळतं, डोळ्याला नंतर.

वेग एवढ्यावर थांबत नाही. किती उरले याइतकंच महत्त्वाचं आहे कुठले उरले. उभ्या स्क्रीनची रुंदी २२४ बिंदू आहे आणि शत्रूंचे अकरा स्तंभ मिळून त्यातली सुमारे पावणेदोनशे व्यापतात. दोन्ही बाजूंना काही बिंदू आधीच कड मानली जाते, म्हणजे पूर्ण फौजेला सरकायला तीस-पस्तीस बिंदूच मोकळे मिळतात, तेवढं सरकलं की कड लागते आणि फौज आठ बिंदू खाली येते. आता समजा पाच शत्रू उरलेत. ते दोन्ही टोकांना पसरलेले असतील तर सेकंदाला २४ बिंदूंच्या वेगाने कड गाठायला त्यांना जेमतेम दीड सेकंद लागतो. दर दीड सेकंदाला एक पायरी खाली! तेच पाच जण एका उभ्या स्तंभात असतील तर जवळजवळ पूर्ण रुंदी ओलांडावी लागते आणि एका पायरीला साधारण आठ सेकंद मिळतात. वेग तोच, शत्रू तेवढेच, पण मुदत पाचपटीहून जास्त. म्हणूनच मुरलेले खेळाडू मधून भगदाड पाडत बसत नाहीत, कडेचे स्तंभ आधी साफ करतात.

तोफेवरही एक बंधन आहे. तुमची एक गोळी हवेत असेपर्यंत दुसरी सुटत नाही. वरपर्यंत रिकामी गेलेली गोळी पाऊण सेकंदाच्या आसपास अडकून राहते, आणि जवळच्या शत्रूला लागलेली लगेच मोकळी होते. त्यामुळे फौज खाली येईल तसा धोका वाढतो आणि त्याच वेळी तुमचा माराही जलद होतो. नेम चुकल्याची शिक्षा मात्र प्रत्येक वेळी वेळेच्या रूपात भरावी लागते.

ढालींची गंमत मला सर्वांत आवडते. खेळाचं चित्र मेमरीतल्या ७,१६८ बाइटांत मावतं, एका बिंदूला एक बिट, पेटलेला किंवा विझलेला. रंग नाहीतच. स्क्रीनवर दिसणारा हिरवा आणि लाल पट्टा म्हणजे काळ्यापांढऱ्या पडद्यावर चिकटवलेला रंगीत सेलोफेन. ढालीची अवस्था कुठे वेगळी लिहून ठेवलेली नसते, पडद्यावरचं तिचं चित्र हीच तिची अवस्था. गोळी काढताना प्रोग्राम एवढंच बघतो की तिथला बिंदू आधीच पेटलेला आहे का. असेल तर टक्कर झाली. मग तिथे स्फोटाचा वेडावाकडा आकार काढून पुसला जातो, आणि त्या आकाराएवढा ढालीचा लचका तुटलेला राहतो. तुमची स्वतःची गोळीही ढाल पोखरते, म्हणून काही जण ढालीत एक अरुंद फट पाडून तिच्यातून मारा करतात. शत्रू खूप खाली आले की ढालीवरून चालत जाताना ती पुसत जातात. त्यासाठी वेगळी सूचना लिहावीच लागली नाही, शत्रूचं चित्र तिथे उमटतं आणि आधीचं मिटतं.

उडती तबकडी साधारण पंचवीस सेकंदांनी येते आणि तिचे गुण ५० ते ३०० यांच्यात कितीही मिळू शकतात असं वाटतं. खरं तर त्यात नशिबाचा भागच नाही. तुम्ही आतापर्यंत किती गोळ्या झाडल्या यावरून एका ठरलेल्या यादीतला आकडा उचलला जातो, आणि तबकडी कुठल्या बाजूने येणार हेही त्याच मोजणीवर ठरतं. तेविसाव्या गोळीला तबकडी पडली तर ३०० गुण, त्यानंतर दर पंधराव्या गोळीला पुन्हा ३००. गोळ्या मोजत खेळणाऱ्यांनी हे शोधून काढलं. यंत्राच्या आत न डोकावता, फक्त बाहेरून निरीक्षण करून नियम शोधणं हे प्रयोगशाळेतल्या कामापेक्षा फार वेगळं नाही.

असाच एक शोध जपानमध्ये ‘नागोया मारा’ या नावाने प्रसिद्ध झाला, नागोया शहराच्या नावावरून. शत्रूची गोळी त्याच्या शरीरातून निघत नाही, काही बिंदू खालून सुरू होते. म्हणजे शत्रू तोफेच्या अगदी डोक्यावरच्या पायरीवर आला तर त्याची गोळी तोफेला ओलांडूनच जन्माला येते आणि लागत नाही. खेळाडू मुद्दाम फौजेला त्या पायरीपर्यंत येऊ देतात आणि मग निर्धास्तपणे खालची ओळ झोडपतात. फक्त पुढची कड लागायच्या आत ती ओळ संपली पाहिजे, नाहीतर पुढची पायरी म्हणजे पराभव.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, नामको कंपनीचा ‘गॅलॅक्सियन’ आला. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या घराघरांतल्या टीव्ही गेमच्या कॅसेटमध्ये तो हमखास असायचा, त्यामुळे अनेक मराठी वाचकांचा पहिला अंतराळयुद्धाचा खेळ तोच असेल. तो रंगीत आहे, शत्रू फौजेतून सुटून वळसे घेत अंगावर येतात, आणि यंत्रात अशा आकृत्या हलवण्यासाठी खास सोय आहे. तिथे एकेकाची हजेरी घ्यायची गरज उरली नाही. त्यानंतरच्या यंत्रांवर ‘स्पेस इन्व्हेडर्स’ पुन्हा लिहिणाऱ्यांना वाढता वेग मुद्दाम कोष्टकं करून आणावा लागला. कित्येक नकलांमध्ये सगळी फौज एकदम, एका झटक्यात सरकते. मूळ खेळात ती तशी सरकत नाही. डावीकडून उजवीकडे, खालून वर अशी एक लाट तिच्यातून जाताना दिसते, कारण एकेक जण आपापल्या नंबरावर दोन बिंदू पुढे जात असतो. समोरचा खेळ अस्सल आहे की नक्कल, हे ओळखायला खालच्या ओळीकडे काही सेकंद पाहणं पुरतं.