घरी बसून बिडी वळणारी बाई कामगार कशी ठरली : थोडी पार्श्वभूमी

गोंदिया-भंडाऱ्याकडच्या जुन्या बिडीच्या गावात म्हाताऱ्या बायांना विचारा, बिडी कामगाराचं कार्ड होतं का, पीएफ कापायचे का. बऱ्याच जणी सांगतील की ठेकेदाराच्या वहीत आमचं नावच नव्हतं, नाव दुसऱ्याचं न् बिड्या आमच्या. पण नाव असो की नसो, कामगार म्हणून हक्क आहे तो आहेच, आणि तो असा सुखासुखी मिळालेला नाही. त्यामागची बरीचशी कोर्टकचेरी आपल्याच जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काम कसं चालतं ते आधी सांगतो. ठेकेदार तेंदूपत्ता, तंबाखू आणि दोरा मोजून देतो, बाई पत्ता भिजवते, साच्यावर कात्रीनं कापते, मांडीवर सूप घेऊन एकेक बिडी वळून तिचं तोंड मोडते न् दोरा बांधते, आणि मजुरी मिळते हजारावर. माल द्यायला गेलं की ठेकेदार त्यातल्या काही बिड्या खराब म्हणून बाजूला काढतो, ती छाट, आणि छाटीचे पैसे नाही. म्हणजे राबणं पूर्ण हजाराचं न् पैसे उरलेल्याचे. सगळ्यात जास्त लुबाडणूक ह्या छाटीतच झाली असं माझं स्पष्ट मत आहे.

1948 मध्ये फॅक्टरी अॅक्ट आला, किमान वेतन कायदाही आला न् त्याच्या यादीत बिडी होती. पण त्याच वर्षी मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारनं आणखी एक कायदा केला, शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत बिडी वळायलाच बंदी, काहून की शेतीला मजूर पाहिजे होते. हातात दुसरं काम नसलेल्या माणसानं, म्हाताऱ्यानं, आजाऱ्यानं काय करायचं याचा विचारच नाही. सुप्रीम कोर्टानं 1950 च्या नोव्हेंबरात चिंतामणराव केसमध्ये तो कायदा रद्द केला, धंद्याच्या स्वातंत्र्यावर एवढं सरसकट बंधन चालत नाही म्हणून.

मग मुद्दा आला की बिडी वळणारा फॅक्टरी अॅक्टप्रमाणं कामगार आहे का. नागपूर भागातल्या एका कारखान्यातल्या तिघांनी पंधरा दिवसांची रजा घेतली, मॅनेजरनं त्या दिवसांचे पैसे दिले नाही, प्रकरण बिरधीचंद शर्मा केस म्हणून सुप्रीम कोर्टात गेलं. मालकाचं म्हणणं की हे लोक मनात येईल तेव्हा येतात, मनात येईल तेव्हा जातात, पैसे नगावर घेतात, मग हे आमचे नोकर कसे? कोर्टानं पाहिलं की दुपार उलटल्यावर आलेल्याला तंबाखूच मिळत नव्हती म्हणजे त्या दिवशी काम नाही, खराब बिड्या मालक नाकारत होता, न सांगता आठ दिवस गैरहजर राहिलं तर काढूनही टाकू शकत होता. एवढा ताबा आहे म्हणजे ते कामगारच. हा डिसेंबर 1960 चा निकाल. पण पुढच्याच वर्षी, 1961 ला, शंकर बालाजी वाजे केसमध्ये त्याच कोर्टानं दोन विरुद्ध एक मतानं उलट सांगितलं, की ह्या कारखान्यात तसा ताबा नाही, म्हणून रजेचा हक्क नाही.

आणि हे निकाल कारखान्यात बसून वळणाऱ्यांचे होते. घरी वळणारीचं तर नावच नव्हतं. मालकांनी मोठे कारखाने तोडून लहान केले, काम ठेकेदारामार्फत घरोघरी दिलं की फॅक्टरी अॅक्ट लागतच नाही, मध्ये ठेकेदार असला की मालक म्हणायला मोकळा की ही बाई आमची नाहीच.

ही पळवाट बंद झाली 1966 च्या बिडी व सिगार कामगार कायद्यानं. मालकानं किंवा ठेकेदारानं कच्चा माल देऊन घरी बिड्या वळायला लावलेली व्यक्तीसुद्धा कामगार, असं त्यात सरळ लिहिलं. त्याच्यापुढे वीस दिवसांच्या कामामागं एक दिवस पगारी रजा आली, बाळंतपणाचा कायदा थोडे बदल करून घरच्या कामगारालाही लागू झाला, आणि कच्चा माल किती दिला, छाट किती काढली ह्या भांडणाचा झटपट निवाडा करायची सोय झाली. मालक लोक ह्याच्याही विरोधात कोर्टात गेले, पण मंगलोर गणेश बिडीच्या केसमध्ये 1974 ला सुप्रीम कोर्टानं कायदा कायम ठेवला.

1976 मध्ये बिडी कामगार कल्याण निधी, 1977 मध्ये पीएफ. पीएफवरही घरच्या कामगाराचं काय म्हणून भांडण झालंच, 1985 ला निकाल लागला की त्यांनाही लागू. कल्याण निधीतून दवाखाने, पोरांची स्कॉलरशिप चालायची, त्यासाठी बिडीवर सेस होता, तो 2017 ला जीएसटी आला तेव्हा गेला.

1966 चा कायदाही आता वेगळा राहिला नाही, 21 नोव्हेंबर 2025 पासून चार लेबर कोड, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार नवे कायदे, लागू झाले न् तो त्यांतल्या सुरक्षा-आरोग्याच्या कोडमध्ये गेला. नव्या नियमांत घरी वळणारीची नोंद कोण ठेवणार, मालक की ठेकेदार, हे युनियनवाल्यांनी आत्ताच धरून बसायला पाहिजे. आजवर पीएफ, रजा न् कार्ड अडलं ते वहीतल्या ह्याच नोंदीवर.