पार्श्वभूमी : पायथनचं ‘यूटीसीनाऊ’ आणि साडेपाच तासांचा घोळ

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत तारीख-वेळ हाताळणारं डेटटाइम मॉड्यूल आलं ते २.३ आवृत्तीत, २००३ साली. त्याआधी टाइम मॉड्यूलमधले सेकंद आणि नऊ घटकांचे टपल (ठरावीक क्रमातल्या याद्या) यांवर भागवावं लागे. नव्या मॉड्यूलने वेळेचे दोन प्रकार पाडले : टाइमझोन सोबत बाळगणारी ‘अवेअर’ आणि नुसती तारीख-वेळ असलेली ‘नाइव्ह’. नाइव्ह वेळ कुठली समजायची, हे प्रोग्राम लिहिणाऱ्यावर सोडलं होतं.

घोळ इथेच आहे. यूटीसीनाऊ हे फंक्शन आत्ताची वेळ यूटीसीची (म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची; भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे) देतं, पण तसा शिक्का तिच्यावर मारत नाही. हाती पडते ती नाइव्ह वेळ. २००३ मध्ये इलाजही नव्हता, कारण यूटीसीचा तयार टाइमझोन स्टँडर्ड लायब्ररीत आला तो ३.२ मध्ये, २०११ साली. लगेच ३.३ मध्ये वेळेचा सेकंदांत आकडा काढणारी टाइमस्टँप ही मेथड आली आणि तिने नाइव्ह म्हणजे मशीनची स्थानिक वेळ असं धरलं. ३.६ पासून वेळ दुसऱ्या टाइमझोनमध्ये बदलणारं अ‍ॅजटाइमझोनही तसंच धरू लागलं. यूटीसीनाऊ तेव्हाच बाद करायला हवं होतं.

वाळवा तालुक्यातलं एखादं दूध संकलन केंद्र घ्या. १ एप्रिलला पहाटे ५.१० ला घातलेल्या दुधाची नोंद यूटीसीनाऊने केली, तर वेळ पडते ३१ मार्च, २३.४०. त्यातून तारीख काढली की सकाळच्या पाळीचं दूध आदल्या बिलात आणि थेट सरलेल्या आर्थिक वर्षात जातं. साडेपाचनंतरच्या नोंदींची तारीख मात्र जुळते, त्यामुळे दिवसा केलेल्या टेस्टिंगमध्ये काहीच दिसत नाही. याच वेळेचा टाइमस्टँप यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरवर बरोबर येतो, सांगलीतल्या लॅपटॉपवर १९,८०० सेकंदांनी कमी.

३.९ मध्ये, २०२० साली, जगभरच्या टाइमझोनसाठीचं झोनइन्फो मॉड्यूल आलं आणि ‘एशिया/कोलकाता’ थेट वापरता येऊ लागलं. विंडोजवर त्यासाठी टीझेडडेटा पॅकेज वेगळं टाकावं लागतं. यूटीसीनाऊ कालबाह्य ठरवलं गेलं ते ३.१२ मध्ये, २०२३ साली. विरोध झाला, आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता : डेटाबेसमधल्या जुन्या वेळा नाइव्ह आहेत, तर यूटीसीनाऊऐवजी वापरायच्या ‘नाऊ’ फंक्शनला यूटीसी देऊन मिळते ती अवेअर. दोन्हींत लहान-मोठं पाहिलं की टाइपएरर येते. बरोबरी तपासली तर एररही येत नाही, गुपचूप ‘फॉल्स’ मिळतं. हे जास्त घातक.

जुन्या यूटीसी नोंदींना रिप्लेस वापरून, वेळेचे आकडे न बदलता, टाइमझोन चिकटवावा. अ‍ॅजटाइमझोन वापरलं, तर भारतीय वेळेच्या मशीनवर २३.४० ची नोंद १८.१० होते.