साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, आणि व्हेनेझुएलाच्या टेपुई डोंगरांवर, दोन्हीकडे किडे खाणारी झाडं कशी काय?

आम्हा बोरिवलीकरांना नॅशनल पार्क म्हणजे आपलं शंभरेक चौरस किलोमीटरचं जंगल. व्हेनेझुएलातलं कनाइमा नॅशनल पार्क 30,000 चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे जवळजवळ महाराष्ट्राचा दहावा भाग, आणि कनाइमा गावाला जायला रस्ताच नाही, छोट्या विमानाने जायचं आणि पुढे होडीने. तिथे जगातला सगळ्यात उंच धबधबा आहे, एंजल फॉल्स, एकूण 979 मीटर, त्यातली सलग उडी 807 मीटरची, म्हणजे एकावर एक साडेनऊ राजाबाई टॉवर. उन्हाळ्यात पाणी खाली पोचेपर्यंत त्याचं धुकंच होतं. तिथले पेमोन लोक त्याला केरेपाकुपाई मेरू म्हणतात.

पण मला धबधब्यापेक्षा तो जिथून पडतो तो डोंगर जास्त भारी वाटतो. वरून टेबलासारखा सपाट, बाजूने उभे कडे, याला टेपुई म्हणतात. 1937 मध्ये जिमी एंजल नावाच्या पायलटने सोन्याच्या शोधात याच डोंगराच्या, औयान टेपुईच्या माथ्यावर विमान उतरवलं आणि ते चिखलात असं रुतलं की निघेचना, शेवटी चौघं जण 11 दिवस चालत खाली आले. एवढ्या उंच कातळावर चिखल, कारण पाऊस धो धो आणि माथा सपाट, पाणी साचूनच राहतं.

आता हा दगड म्हणजे दीडशे कोटी वर्षांहून जुना वाळूचा खडक, जवळपास नुसती गारगोटी, त्यात झाडाला खायला काहीच नाही, आणि जी थोडीफार माती होते तिच्यातला कस पाऊस धुऊन नेतो. नायट्रोजन नाही, फॉस्फरस नाही. मग झाडाने जगायचं कसं? तर किडे खाऊन. तिथली हेलिअँफोरा ही घटपर्णी बघा, एकच पान गुंडाळून त्याची उभी नळी झालेली, वर मध सुटणारा छोटासा लाल चमचा, किडा मधाला भुलतो, आतल्या खाली वळलेल्या केसांवरून घसरतो आणि पाण्यात पडतो. पावसाने नळी ओसंडून किडा वाहून जाऊ नये म्हणून बाजूला बारीक फट पण असते!

आणि हेच आपल्या कासला. सह्याद्रीचा बेसॉल्ट फक्त साडेसहा कोटी वर्षांचा, त्याच्यापासून काळी कसदार माती होते हे खरं, पण सड्यावर त्याचा जांभा झालाय, लाखो वर्षांच्या पावसाने सगळं धुऊन मागे लोखंड आणि अॅल्युमिनियम ठेवलंय. सप्टेंबरमध्ये कासला गुडघे टेकून बघितलं तर दवबिंदू नावाच्या रोपाच्या पानावर लाल केस दिसतात, प्रत्येकाच्या टोकाला चिकट थेंब, आणि त्यात एखादं चिलट अडकलेलं. शेजारीच निळी-जांभळी सीतेची आसवं, फूल इतकं नाजूक, पण पाण्यात बुडालेल्या तिच्या बारीक पिशव्या सेकंदाच्या हजाराव्या भागात जीव आत ओढतात. या दोघांचेही भाऊबंद टेपुईवर आहेत, त्यातली एक यूट्रिक्युलारिया, म्हणजे सीतेच्या आसवांच्याच कुळातली, तर दुसऱ्या झाडाच्या पानांत साठलेल्या पाण्यात राहते.

फरक एवढाच की टेपुईवर ओल बहुतेक वर्षभर असते, कासला सगळं चार महिन्यांत उरकावं लागतं. दिवाळीनंतर कातळ कोरडा पडतो, सीतेची आसवं वाळून जातात आणि भेगांमध्ये उरतं फक्त बी, पुढच्या जूनपर्यंत.