नळातील प्रवाह

नळातील प्रवाह : नळ, पन्हळ, पाट किंवा कालवा यांतून द्रव आणि वायू कसे वाहतात, वाहताना त्यांना किती विरोध होतो आणि तो ओलांडायला किती दाब किंवा उतार लागतो, याचा अभ्यास. शहराचा पाणीपुरवठा, तेलवाहिन्या, धरणांचे कालवे, शरीरातील रक्तवाहिन्या या सर्वांची आकडेमोड याच अभ्यासावर उभी आहे. सरळ गोल नळ ही प्रवाहाची सर्वांत साधी वाट. तरीही तिच्यातले पाणी नेमके केव्हा खवळते, या प्रश्नाचे पक्के उत्तर मिळायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

जर्मन जलअभियंता गोटहिल्फ हागेन यांनी पितळी नळ्यांतून पाणी सोडून केलेली मोजमापे १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास पॅरिसमधील वैद्य झां पॉयझय हे रक्त केशवाहिन्यांतून कसे जाते हे समजून घेण्यासाठी अतिशय बारीक काचेच्या नळ्यांवर प्रयोग करत होते. दोघे स्वतंत्रपणे एकाच नियमापाशी पोहोचले : नळीतून जाणारे पाणी दाबातील फरकाच्या प्रमाणात वाढते, लांबीच्या प्रमाणात घटते आणि व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. व्यास निम्मा झाला की त्याच दाबाखाली प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. रक्तवाहिनी थोडी जरी अरुंद झाली तरी रक्तपुरवठा एवढा का घटतो, त्याचे एक मोठे कारण या चौथ्या घातात आहे.

पाणीपुरवठ्याच्या मोठ्या नळांना मात्र हा नियम लागू पडेना. तिथे वेग दुप्पट करायचा तर दाब जवळजवळ चौपट लागे. फ्रेंच अभियंता आंरी दार्सी यांनी निरनिराळ्या व्यासांच्या, नव्या व जुन्या नळांवर मोजमापे घेऊन १८५७ मध्ये दाखवून दिले की आतल्या पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचाही विरोधावर परिणाम होतो. बारीक नळीत एक नियम आणि मोठ्या नळात दुसरा, असे का, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे उत्तर मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजातील प्राध्यापक ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांच्या १८८३ च्या निबंधात आहे. त्यांचे उपकरण आजही आदर वाटावा इतके साधे होते : बाजूंना काचा असलेली पाण्याची टाकी, तिच्यात आडवी काचेची नळी, नळीच्या तोंडाशी कर्ण्यासारखे पसरट लाकडी मुख आणि त्या मुखात सोडलेली रंगाची बारीक धार. पाणी संथ असेपर्यंत रंगाची रेघ नळीभर सरळ राही. वेग वाढवत नेला की एका टप्प्यावर ती एकाएकी विस्कटे आणि पुढची सगळी नळी रंगाने भरून जाई. विजेच्या ठिणगीच्या क्षणिक उजेडात पाहिल्यावर त्या पसरलेल्या रंगात वेगवेगळे भोवरे स्पष्ट दिसले. पहिल्या प्रकाराला स्तरीय प्रवाह म्हणतात, दुसऱ्याला संक्षुब्ध प्रवाह.

यापेक्षाही मोलाचा होता तो त्यांनी शोधलेला निकष. प्रवाह कोणत्या प्रकारचा असेल हे एकट्या वेगावर किंवा एकट्या व्यासावर ठरत नाही. वेग गुणिले व्यास भागिले द्रवाची शुद्धगतिकीय श्यानता, म्हणजे घनतेने भागलेली श्यानता (वाहताना द्रवाच्या थरांत होणारे आतले घर्षण), या एका अंकावर ते ठरते. यालाच पुढे रेनॉल्ड्स अंक हे नाव मिळाले. या अंकाला एकक नसते, म्हणून पाणी, तेल, हवा, रक्त या सगळ्यांची एकाच मोजपट्टीवर तुलना करता येते. घरातल्या १५ मिलिमीटर व्यासाच्या नळातून पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने जात असेल तर हा अंक सुमारे १५,००० येतो. म्हणजे घरातला चालू नळ बहुतेक वेळा आतून खवळलेलाच असतो. हवा पाण्यापेक्षा कितीतरी पातळ वाटते, पण तिची घनता फार कमी असल्याने शुद्धगतिकीय श्यानता पाण्याच्या सुमारे पंधरापट भरते. त्यामुळे त्याच नळात तोच अंक गाठायला हवेला पंधरापट वेग लागतो.

अंक सुमारे २,००० च्या खाली असला की पाण्याला कितीही डिवचले तरी ते पुन्हा शांत होते. वरची मर्यादा मात्र ठरत नाही. टाकीतले पाणी अगदी निवांत ठेवून रेनॉल्ड्स सुमारे १३,००० पर्यंत स्तरीय प्रवाह टिकवू शकले. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडिश शास्त्रज्ञ एकमन यांनी त्याच उपकरणावर ही मर्यादा ४०,००० पर्यंत नेली, आणि पुढे इतरत्र १ लाखापर्यंत मजल गेली. मूळ उपकरण मँचेस्टरमध्ये जपून ठेवले आहे. नंतरच्या काळात तिथे प्रयोग पुन्हा केला तेव्हा रस्त्यावरच्या वाहतुकीच्या हादऱ्यांमुळे रेनॉल्ड्स यांच्याइतका अंक गाठता आला नाही.

ही अडचण प्रयोगातल्या ढिलाईची नव्हती. गोल नळातील स्तरीय प्रवाह अतिसूक्ष्म धक्क्यांनी कोणत्याही वेगाला ढळत नाही, असेच गणित सांगते. तो मोडायला पुरेसा मोठा धक्का लागतो, आणि वेग वाढेल तसा लागणारा धक्का लहान होत जातो. २,००० च्या आसपास तर सगळा नळ एकदम खवळतही नाही. संक्षोभाचे सुटे पुंजके तयार होऊन शांत पाण्याबरोबर पुढे सरकतात. काही पुंजके वाटेत विरतात, काहींचे दोन होतात. विरण्याची आणि दुभंगण्याची शक्यता जिथे सारखी होते तिथून पुढे संक्षोभ कायम टिकतो. ब्यॉर्न होफ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हा बिंदू सुमारे २,०४० असल्याचे दाखवले. एकेक पुंजका इतका दीर्घकाळ टिकतो की त्यासाठी व्यासाच्या हजारो पट लांबीचे नळ आणि अतिशय संयमाने केलेली मोजणी लागली.

मोठ्या रेनॉल्ड्स अंकांना खवळलेल्या प्रवाहातला विरोध आजही मूळ समीकरणांतून थेट काढता येत नाही. तो मोजावा लागतो. जर्मनीतील ग्योटिंगन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली योहान निकुराड्झे यांनी नळांच्या आतून चाळलेल्या वाळूचे एकसारखे कण चिकटवले आणि ठरावीक खडबडीतपणाला किती विरोध होतो याची कोष्टके १९३३ मध्ये प्रसिद्ध केली. बाजारात मिळणाऱ्या नळांसाठी कोलब्रूक यांनी १९३९ मध्ये सूत्र दिले, आणि १९४४ मध्ये मूडी यांनी ते आलेखात मांडले. तो आलेख आजही अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती असतो. फार मोठे रेनॉल्ड्स अंक गाठण्यासाठी अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील ‘सुपरपाइप’ या प्रयोगनळात वातावरणाच्या सुमारे २०० पट दाबाची हवा वापरली. इटलीत प्रेदाप्पिओ येथे जुन्या विमान कारखान्याच्या बोगद्यात ०.९ मीटर व्यासाचा, शंभर मीटरहून लांब नळ याच कामासाठी बसवला आहे. तिथे नळच मोठा असल्याने भिंतीजवळचे सूक्ष्म भोवरे मोजता येण्याइतके मोठे होतात.

विरोध घटवण्याचा एक अनपेक्षित मार्ग १९४० च्या दशकात टॉम्स यांना सापडला. लांब साखळीच्या बहुवारिकाचे (पॉलिमरचे) दशलक्षात काही भाग एवढे अल्प प्रमाणही संक्षुब्ध प्रवाहातला विरोध खूप कमी करते. अलास्काच्या तेलवाहिनीत १९७९ पासून याचा उपयोग केला गेला.

कालव्यात वरचा पृष्ठभाग मोकळा असतो, त्यामुळे दाबाऐवजी तळाचा उतार पाणी पुढे नेतो. अठराव्या शतकात शेझी यांनी आणि १८८९ मध्ये आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग यांनी दिलेली सूत्रे आजही वापरात आहेत. मॅनिंगच्या सूत्रातला खडबडीतपणाचा गुणांक काँक्रीटच्या कालव्याला सुमारे ०.०१३ घेतात. मातीच्या कालव्याला तो जवळजवळ दुप्पट घ्यावा लागतो, म्हणजे तेवढ्याच खोलीत आणि उतारात वेग निम्मा होतो. गवत आणि शेवाळ माजले की गुणांक आणखी वाढतो. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी का पोहोचत नाही, याचे एक कारण इथे आहे.

भारतीय कालव्यांत आणखी एक प्रश्न होता, गाळाचा. वेग कमी असेल तर कालवा गाळाने भरतो, जास्त असेल तर तळ खरवडला जातो. केनेडी यांनी १८९५ मध्ये पंजाबच्या कालव्यांवरून आणि लेसी यांनी १९३० च्या सुमारास या दोन्हींतला समतोल वेग मांडला. मुंबई इलाख्याने १९१६ मध्ये सिंचनसंशोधनासाठी सुरू केलेला विभाग पुढे पुण्याजवळ खडकवासल्याला स्थिरावला. तीच आजची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था. इथे क्लॉड इंग्लिस यांनी कालवे आणि नद्यांच्या प्रतिकृतींवर मोलाचे काम केले. पुढे ते ब्रिटनच्या जलसंशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले.

द्रव आणि वायू एकाच नळातून जातात तेव्हा प्रकरण अधिक गुंतागुंतीचे होते. दोघांच्या वेगानुसार द्रवात बुडबुडे पसरतात, वायू वर आणि द्रव खाली असे थर पडतात, द्रवाचे लांब गोळे वायूच्या रेट्याने धावू लागतात, किंवा द्रव भिंतीला चिकटून मधून वायू सुसाट जातो. बेकर यांनी १९५४ मध्ये या प्रकारांचा नकाशा मांडला, तर टायटेल आणि डकलर यांनी १९७६ मध्ये त्यामागची कारणे. समुद्रातील विहिरींपासून किनाऱ्यापर्यंत तेल आणि वायू एकाच वाहिनीतून आणताना द्रवाच्या गोळ्यांची सर्वाधिक काळजी घ्यावी लागते. एकेक गोळा वाहिनीच्या वळणांना जोराचा हिसका देतो आणि किनाऱ्यावर एकदम मोठ्या प्रमाणात द्रव आणून ओततो, म्हणून तो सामावून घेण्यासाठी वाहिनीच्या टोकाला मोठमोठ्या टाक्या किंवा रुंद नळांची रांग बांधतात.